आठ मीटर, एक सेकंद

भंडाऱ्याहून साकोलीच्या दिशेने निघालं आणि वैनगंगेचा पूल ओलांडला, की कारधा लागतं. पावसाळ्यात हे नाव बातम्यांत सारखं येतं, कारण नदीची पातळी इथे मोजली जाते. पाणी २४५.५० मीटरवर गेलं की धोक्याचा इशारा निघतो. मला मात्र कारध्याची जागा आणखी एका कारणाने विलक्षण वाटते. गावाच्या पश्चिमेला, भंडारा शहराच्याही पुढे, जवाहरनगरची आयुध निर्माणी आहे. गोळीला आणि तोफगोळ्याला नळीतून बाहेर ढकलणारी दारू तिथे तयार होते. गावाच्या पूर्वेला वीसेक किलोमीटरवर कोका अभयारण्याचं जंगल लागतं आणि त्यापुढे नागझिरा, नवेगाव. तिथे वाघ आहे, बिबट आहे, अस्वल आहे. मध्ये भंडारा शहर, ज्याची जुनी ओळख पितळेच्या भांड्यांची.

दारू, पितळ आणि जंगली जनावर अशा तिन्ही गोष्टी एवढ्याशा अंतरात असलेल्या ठिकाणी एक प्रश्न आपोआप मनात येतो. जंगलात जीव वाचवायला हातात मावणारं हत्यार न्यायचं ठरवलंच, तर त्यात कोणतं काडतूस भरावं? अलास्कात किंवा कॅनडात राहणारी माणसं या प्रश्नावर तासन्‌तास बोलतात. आपल्याकडे हा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही आणि त्याला कारणंही आहेत. पण त्याच्या उत्तराकडे जाताना वाटेत जे दिसतं, ते फार अद्भुत आहे.

आपल्याकडे परवाना असलेल्या नागरिकाकडे रिव्हॉल्व्हर असलंच तर ते बहुधा .३२ बोअरचं असतं. ९ मिलिमीटरसारखी लष्करी मापं सामान्य माणसासाठी निषिद्ध आहेत. .३२चं काडतूस जेमतेम सव्वातीन सेंटिमीटर लांब असतं. त्यात चारच गोष्टी असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी बसवलेली शिशाची गोळी. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, टोपीतला मसाला ठिणगी टाकतो, दारू पेटते, गॅस होतो आणि गोळी निघते. एवढं सगळं सेकंदाच्या काही हजारांश भागांत उरकतं.

आधी पुंगळी पाहू. तिचं पितळ सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त असं असतं. हे प्रमाण उगाच ठरलेलं नाही. बार होतो तेव्हा आतला दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या हजार पटींपर्यंत चढतो. त्या दाबाने पुंगळी फुगते, सभोवतालच्या पोलादी भिंतीला घट्ट चिकटते आणि गॅसला मागे यायची वाट बंद करते. गोळी बाहेर पडली की दाब उतरतो आणि पुंगळी अंग चोरून पुन्हा थोडी आकसते, म्हणून ती बाहेर काढता येते. नुसतं तांबं असतं तर ते फुगलेलंच राहिलं असतं. शिवाय पितळ ठोकलं की कडक होतं आणि तापवलं की मऊ पडतं. म्हणून एकाच पुंगळीचं बूड कडक ठेवता येतं आणि तोंड मऊ. भंडाऱ्यात ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पितळ घडवलं गेलं, त्यांना या धातूचा हा स्वभाव कुणी पुस्तकातून शिकवावा लागत नाही.

आता दारू. जुनी काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. तिच्या पहिल्याच बाराला एवढा धूर होई की समोरचं जनावर पडलं, पळालं की अंगावर येतंय, तेच दिसत नसे. १८४६मध्ये ख्रिस्टियन शॉनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर आम्लांची प्रक्रिया करून एक नवा पदार्थ जगापुढे ठेवला. दिसायला कापूसच, पण ठिणगी लागली की जवळजवळ धूर न करता भक्कन नाहीसा होणारा. त्याला काबूत आणायला पुढची चाळीसेक वर्षं गेली. १८८४मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएलने त्याची बंदुकीत वापरता येईल अशी दारू बनवली. आजही बिनधुराच्या दारूचा पाया तोच आहे, नायट्रोसेल्युलोज. सरकी काढल्यावर तिच्यावर जे आखूड तंतू चिकटून राहतात, ते यासाठी उत्तम कच्चा माल मानले जातात. कापसाच्या विदर्भात राहणाऱ्या माणसाने हे एकदा ऐकलं की काडतुसाकडे बघायची त्याची नजर बदलते.

कापूस जळायला बाहेरची हवा लागते. पुंगळी तर चहूबाजूंनी बंद असते, मग दारू आत जळते कशी? नायट्रोसेल्युलोजच्या रेणूतच प्राणवायू जोडलेला असतो. इंधन आणि त्याला जाळणारा वायू एकाच धाग्यात विणलेले असतात, बाहेरून काहीच मागावं लागत नाही.

याहून थक्क करणारी गोष्ट म्हणजे दारूच्या कणाचा आकार. दारूचा कण पृष्ठभागावरून आत जळत जातो. म्हणून तो किती वेगाने गॅस देईल हे त्याच्या भूमितीवर ठरतं. भरीव गोळा घेतला तर जळता जळता तो लहान होतो, पृष्ठभाग घटतो, गॅस कमी होत जातो. त्याच कणाला मधून आरपार भोकं पाडली तर बाहेरून तो झिजतो, पण आत भोकं रुंदावत जातात. पृष्ठभाग घटायच्या ऐवजी वाढतो, आणि गोळा नळीत पुढे सरकून जागा मोठी होत असतानाही मागचा रेटा टिकून राहतो. तोफेच्या दारूच्या कणांना म्हणून सात-सात भोकं असतात. रिव्हॉल्व्हरची नळी आखूड, वेळ कमी, म्हणून तिथे ग्रॅफाइटचा हात फिरवलेल्या बारीक, झटकन जळणाऱ्या पापड्या. रसायन जवळपास तेच, पण आकार बदलला की कामच बदलतं. भूमितीने आगीला लगाम घालता येतो, हे मला अजूनही पुन्हा पुन्हा आठवून बघावंसं वाटतं.

हे कौतुक लिहिताना २४ जानेवारी २०२५चा दिवस बाजूला ठेवता येत नाही. त्या सकाळी जवाहरनगरच्या निर्माणीत स्फोट झाला आणि किमान आठ कामगार गेले. ज्या आगीला माणूस एवढ्या कौशल्याने शिस्त लावतो, तिच्या शेजारी रोज पाळी करणारी माणसं भंडाऱ्याच्या आसपासच्या गावांतलीच असतात. काडतुसाच्या प्रत्येक आकड्यामागे त्यांचा जीव आहे, हे लक्षात ठेवूनच पुढचे आकडे वाचावेत.

.३२च्या काडतुसात दारू पाव ग्रॅमहूनही कमी असते. शिशाची गोळी सव्वासहा ग्रॅमच्या आसपास आणि नळीतून निघताना तिचा वेग सेकंदाला सुमारे २१५ मीटर. हिशेब मांडला तर तिची ऊर्जा दीडशे ज्यूलच्या घरात येते. भंडारा धानाचा जिल्हा, म्हणून हे धानाच्याच मापाने सांगतो. तांदळाचा एक कच्चा दाणा पूर्ण जाळला तर त्यातून याच्या जवळपास दुप्पट ऊर्जा निघेल. गोळीची ताकद म्हणजे पुष्कळ ऊर्जा, असं आपल्याला वाटतं. खरी गोष्ट अशी की ऊर्जा चिमूटभरच असते. ती बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर, सेकंदाच्या हजाराव्या भागात येते, यातच सगळं आलं.

सिनेमात गोळी लागलेला माणूस हवेत उडून मागे पडतो. तसं होत नाही. गोळीच्या धक्क्याचं गणित साधं आहे, वस्तुमान गुणिले वेग. .३२ची गोळी शंभर किलोच्या अस्वलात पूर्ण रुतली तर त्या धक्क्याने अस्वलाचा वेग बदलेल सेकंदाला दीड सेंटिमीटरहूनही कमी. अमेरिकेत अस्वलांसाठी नावाजलेलं .४४ मॅग्नम घेतलं, म्हणजे साडेपंधरा ग्रॅमची गोळी सेकंदाला सव्वाचारशे मीटरच्या वेगाने, चौदाशे ज्यूलच्या आसपास, तरी फरक सहा-सात सेंटिमीटरचाच. धावत येणाऱ्या अस्वलाला हे जाणवणारही नाही. न्यूटनचा नियमही आडवा येतो. जो धक्का जनावराला पाडेल, तोच उलट्या दिशेने बार काढणाऱ्याच्या मनगटात येणार. जनावराला ढकलून पाडणारं हत्यार हातात धरताच येणार नाही.

मग गोळी जनावर थांबवते कशी? दोनच वाटा आहेत. एक, मेंदू किंवा पाठीचा कणा यांच्याशी असलेला संबंधच तुटला तर शरीर जागच्या जागी कोसळतं. दुसरी, रक्तस्राव होऊन रक्तदाब उतरणं. पण या दुसऱ्या वाटेला वेळ लागतो. हृदय निकामी झालं तरी मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर शरीर दहा-पंधरा सेकंद काम करू शकतं. अस्वलाचा वेग ताशी तीस किलोमीटर धरला तरी तो सेकंदाला आठ मीटरहून जास्त पडतो. दहा सेकंदांत ऐंशी मीटर. जंगलात अस्वल ऐंशी मीटरवरून अंगावर येत नाही. ते झुडपातून आठ-दहा मीटरवर उठतं.

काडतुसाच्या निवडीचा सगळा वाद या एका सेकंदात मावतो.

हा वाद इथल्या मातीला नवा नाही. भंडारा ज्या मध्य प्रांतात होता, त्या प्रांतात १८६०च्या दशकात कॅप्टन जेम्स फोर्सिथ नावाचा वनाधिकारी होता. त्याचं ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ १८७१ साली निघालं आणि सातपुड्याच्या जंगलांचं वर्णन म्हणून अजून वाचलं जातं. त्याआधी त्याने शिकारीची रायफल आणि तिच्या गोळ्या या विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं होतं, हे कमी जणांना ठाऊक असतं. काळ्या दारूच्या त्या काळात त्याचा भर होता मोठ्या मापाच्या वाटोळ्या गोळीवर आणि तिच्यामागे भरपूर दारूवर. नळीतले आटे अगदी सावकाश फिरणारे हवेत, म्हणजे एवढ्या दारूच्या रेट्यातही गोळी आट्यांवरून घसरणार नाही आणि जवळच्या अंतरात सरळ रेषेत जाईल, असं त्याचं म्हणणं. मध्य प्रांतातल्या झाडीत जनावर लांबून दिसत नाही. त्याचा युक्तिवाद या झाडीतूनच आला होता.

आणि हातात धरायचं हत्यार? तेही हिंदुस्थानातच रुजलं. हत्तीवर हौद्यात बसून वाघाची शिकार करणाऱ्या गोऱ्या साहेबांवर कधी जखमी वाघ उलटे. तो हत्तीच्या गंडस्थळावर किंवा पुठ्ठ्यावर झेप घेई. अशा वेळी लांब रायफल फिरवायला जागा नसे. म्हणून दोन नळ्यांचं, आखूड, रुंद तोंडाचं पिस्तूल जवळ ठेवत. सुरुवातीला चक्क रायफली कापून ती बनवली जात, पुढे विलायतेचे बंदूकवाले खास घडवू लागले. .५७७ इंच, म्हणजे जवळपास पंधरा मिलिमीटर रुंदीच्या गोळीचीही त्यात होती. नाव पडलं हौदा पिस्तूल. नेम धरायचा नाही, कारण अंतरच उरलेलं नाही. जवळजवळ टेकवून दोन बार काढायचे. जंगलात बचावासाठी हातातलं हत्यार हा विचार जगात ज्या वस्तूत पहिल्यांदा नीट उतरला, त्या वस्तूंत या हौदा पिस्तुलाला मी वर ठेवीन. दोन गोष्टी मात्र त्यात गृहीत धरलेल्या आहेत. खाली हत्ती आहे, आणि वाघाला आधी आपणच डिवचलेलं आहे. मोहफुलं वेचायला पायी निघालेल्या बाईच्या बाबतीत यातलं काहीच खरं नसतं.

आजच्या काळात अलास्कातला मच्छीमार किंवा भूगर्भशास्त्रज्ञ कोणती गोळी निवडतो, तेही पाहण्यासारखं आहे. शहरी पोलिसांच्या गोळीच्या टोकाला खळगा असतो. शरीरात शिरताच ती फुलासारखी उमलते, रुंद होते आणि लवकर थांबते. आरपार जाऊन मागच्या माणसाला लागू नये, हा त्यातला मोठा हेतू. १९८६मध्ये मियामीत एफबीआयच्या माणसांची गुन्हेगारांशी चकमक झाली. त्यात एक गोळी छातीत शिरली, पण हृदयाच्या अलीकडेच थांबली. त्यानंतर एफबीआयने मोजमाप ठरवलं. जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी किमान बारा इंच आणि जास्तीत जास्त अठरा इंच जावी. जिलेटिन दहा टक्क्यांचं आणि चार अंश सेल्सियसला थंड केलेलं, कारण तेव्हा ते मांसपेशींच्या जवळ जातं.

पण हे माप माणसाच्या छातीचं आहे. अस्वलाच्या अंगावर आधी दाट केस, मग चरबी, मग खांद्याचे जाड स्नायू, मग हाड, आणि डोक्याची कवटी उतरती. उमलणारी गोळी तिथे वरच्या थरांतच आपली ऊर्जा संपवते. म्हणून अलास्कात उलटी निवड करतात. शिशात अँटिमनी आणि कथील मिसळून कडक केलेली, न उमलणारी, जड गोळी घ्यायची. तिचं टोक सपाट, कारण टोकदार गोळी हाडावरून घसरू शकते. वेगापेक्षा वजनाला मान, कारण हाड फोडून सरळ रेषेत पुढे जाण्याचं काम वजन जास्त चांगलं करतं. जे काडतूस शहरात धोक्याचं म्हणून टाळतात, तेच जंगलात निवडतात. चांगली गोळी कोणती, हा प्रश्न समोर कोण आहे हे कळल्याशिवाय अर्धाच राहतो.

आपल्या .३२चं काय? ती गोळी हलकी आणि संथ. अस्वलाच्या कवटीशी किंवा वाघाच्या खांद्याशी तिची जोड लागत नाही. मी स्पष्टच सांगतो, कोकाच्या जंगलात .३२ रिव्हॉल्व्हरच्या भरवशावर कुणी जात असेल तर तो स्वतःला फसवतो आहे. जखमी अस्वल हे न दुखावलेल्या अस्वलाहून फार वाईट.

पण समजा .४४ मॅग्नम हाताशी आहे. तरी तो एक सेकंद उरतोच. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्कातल्या १८८३ ते २००९ या काळातल्या अशा २६९ घटना गोळा केल्या, ज्यांत माणसाकडे बंदूक होती आणि समोर अस्वल होतं. २०१२मध्ये निष्कर्ष छापले. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवाल्यांनी ८४ टक्के वेळा अस्वल थोपवलं, रायफल-शॉटगनवाल्यांनी ७६ टक्के वेळा. इथपर्यंत वाचून बंदूकवाला खूश होईल. पण पुढचं वाक्य खरं महत्त्वाचं आहे. ज्यांनी बंदूक वापरली आणि ज्यांच्याकडे असूनही वापरली गेली नाही, त्यांच्या जखमांच्या प्रमाणात फरकच दिसला नाही. कारणंही नोंदवलेली आहेत. बंदूक काढायला वेळ मिळाला नाही, सेफ्टी उघडली नाही, काडतूस अडकलं, नेम चुकला, अस्वल आधी पोचलं. निवडलेलं काडतूस उत्तम असलं, तरी ते बंदुकीतच राहिलं.

आता कोकाकडे वळतो. आपलं अस्वल अलास्कातल्यासारखं नाही. ते वाळवी आणि मुंग्या खाणारं, मोहफुलांचं आणि मधाचं वेड असलेलं. वरच्या जबड्यात पुढचे दोन दात नसतात, त्या फटीतून ते वाळवी वारुळातून ओढून घेतं. पुढच्या पायांची नखं काही इंच लांब, वारूळ उकरायला घडलेली. नजर अधू, वाऱ्याची दिशा उलटी असेल तर वासही येत नाही, आणि तोंड वारुळात असताना स्वतःच एवढा आवाज करतं की माणूस जवळ आलेला त्याला कळत नाही. मग अचानक दोघं समोरासमोर. अस्वल पळत नाही. हजारो वर्षं वाघाच्या शेजारी राहिलेल्या या प्राण्याला झाडावर चढून सुटका करून घ्यायची सवय नाही, कारण बिबटही झाडावर चढतो. घाबरलं की ते उलट अंगावर जातं, आणि नखं चालतात चेहऱ्यावर. १९८९ ते १९९४ या पाच वर्षांत एकट्या मध्य प्रदेशात अस्वलाच्या हल्ल्यात सापडलेल्या ७३५ जणांची नोंद अभ्यासकांनी केली. त्यातले ४८ दगावले. बाकीच्यांपैकी कितीतरी जण चेहऱ्यावरचे व्रण घेऊन जगले असतील.

यातलं बरंच त्या मोसमात घडतं, जेव्हा माणसाला जंगलात जाण्यावाचून गत्यंतर नसतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मेमध्ये तेंदूपत्ता. मोहाचं फूल रात्री गळतं, पहाटे वेचावं लागतं, आणि अस्वलालाही तीच पहाट हवी असते. तेंदूची पानं तोडणारा माणूस वाकलेला असतो, झुडपात असतो. पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीतली माणसं यावर जे उपाय करतात, ते त्या एका सेकंदाच्या आधी होतात. टोळीने जायचं, मोठ्याने बोलत जायचं, काठी झुडपांवर आपटत जायचं, एकाने उभं राहून बघायचं. अंधारात मोहाखाली जायचं नाही. अस्वलाला माणूस शंभर मीटरवरून ऐकू आला तर ते आपल्या वाटेने निघून जातं. काडतूस आठ मीटरवरचा प्रश्न सोडवायला धडपडतं. आवाज तो प्रश्न शंभर मीटरवरच मिटवतो. मला यात दारूच्या कणांतल्या भूमितीइतकीच अक्कल दिसते.

कायदाही इथे ठाम आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३१व्या कलमानुसार लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार नेता येत नाही, आणि हत्याराच्या व्याख्येत बंदुकीबरोबर काडतूस, चाकू, धनुष्यबाण, फासे, जाळीही आहेत. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांनी वेगळी नोंदणी करावी, असं ३४वं कलम सांगतं. मात्र ११व्या कलमात माणसाची बाजूही आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिक हेतूने जनावर मारलं गेलं तर तो गुन्हा नाही. ते जनावर सरकारचं होतं, एवढंच.

एक प्रकारचं ‘काडतूस’ मात्र या जंगलांत खरंच वापरतात आणि त्याची निवड सगळ्यात नाजूक. वनविभागाचं पथक ज्याने वाघ किंवा बिबट बेशुद्ध करतं, तो डार्ट. न्यूझीलंडच्या कॉलिन मरडॉक यांनी १९५०च्या दशकात ही कल्पना आकाराला आणली. डार्ट म्हणजे उडणारी सुई. तिच्या पुढच्या कप्प्यात औषध, मागच्या कप्प्यात दाबलेली हवा, सुईच्या बाजूला छिद्र आणि त्यावर सिलिकॉनचं आवरण. सुई कातडीत शिरली की आवरण मागे सरकतं, छिद्र उघडतं आणि मागची हवा औषध आत ढकलते. औषध बहुधा झायलाझिन आणि केटामाइनचं मिश्रण. इथे सगळं उलटं आहे. गोळीला जास्तीत जास्त आत जायचं असतं, डार्टला मांडीच्या स्नायूत शिरून तिथेच थांबायचं असतं. म्हणून अंतर मोजायचं आणि त्या अंतरापुरताच वायूचा दाब ठेवायचा. दाब जास्त झाला तर डार्टच हाड मोडेल, कमी झाला तर कातडीवरून उडेल. वाघाचं वजन नजरेनेच ठरवून औषधाची मात्रा काढायची. एवढं करून वाघ झोपायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. त्या वेळात तो चिडून अंगावर आला तर हातातला डार्ट कुणाला वाचवत नाही.

२ नोव्हेंबर २०१८ला यवतमाळ जिल्ह्यात बोराटीच्या जंगलात टी-१ म्हणजे अवनी वाघीण गोळीने मारली गेली. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर लागले होते. तिच्या अंगात डार्टही होता. डार्ट आधी की गोळी आधी, वाघीण अंगावर येत होती की पाठमोरी होती, यावर पुढे किती अहवाल आणि किती याचिका झाल्या. काही सेकंदांत, काही मीटरवर जे घडलं ते वर्षभर भांडूनही लख्ख झालं नाही. आणि तिथे तर बंदूक सराईत हातात होती.

शेवटी एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त आवडते. मोंटाना विद्यापीठात कॅरी हंट यांनी अस्वलांना दूर ठेवायचे उपाय तपासले. त्यातून पुढे मिरचीच्या अर्काचा फवारा बाजारात आला. त्याच स्मिथ आणि हेरेरो यांनी अलास्कातल्या १९८५ ते २००६ या काळातल्या ८३ घटना तपासल्या, तेव्हा तपकिरी अस्वलं ९२ टक्के वेळा फवाऱ्याने थांबली होती आणि फवारा जवळ बाळगणारी ९८ टक्के माणसं बिनजखमेची राहिली होती. बंदुकीच्या आकड्यांशी याची थेट तुलना करू नये, कारण फवाऱ्याच्या घटनांत नुसती चौकशी करायला आलेली अस्वलंही बरीच होती. तरी कारण स्पष्ट आहे. फवाऱ्याला अचूक नेम लागत नाही. सात-आठ मीटरपर्यंत ढग पसरतो आणि जनावर स्वतःच त्यात शिरतं.

मिरचीतला कॅप्सायसिन हा रेणू सस्तन प्राण्यांच्या नसांमधला एक दरवाजा उघडतो. तो दरवाजा खरं तर ४३ अंशांपुढच्या उष्णतेला उघडण्यासाठी असतो. म्हणून मिरची लागली की मेंदूला वाटतं, अंग जळतंय. हा दरवाजा १९९७मध्ये डेव्हिड ज्युलियस यांनी शोधला, २०२१चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. पक्ष्यांच्या नसांमधला तोच दरवाजा मिरचीला दाद देत नाही, म्हणून पक्षी लाल मिरच्या मजेत खातात आणि बिया लांबवर टाकतात. झाडाने सस्तन प्राण्यांना हाकलायला बनवलेलं हे रसायन, आणि भंडाऱ्याच्या दक्षिणेला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या कडेला भिवापूर आहे, ज्याच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे.

तेंदूच्या हंगामात टोळीतल्या एकाच्या कमरेला असा फवारा असावा, असं मला मनापासून वाटतं. पण वाटण्यावर थांबू नये. अलास्काच्या अभ्यासकांनी सव्वाशे वर्षांच्या घटना गोळा केल्या, म्हणून त्यांना बंदुकीबद्दलचा भ्रम तपासता आला. आपल्याकडे हल्ला झाला की वनरक्षक पंचनामा करतो, नुकसानभरपाईचं प्रकरण होतं, कागद फायलीत जातो. त्याच कागदावर चार रकाने वाढवले तर? माणसं किती होती. बोलत होती की गप्प होती. वारा कुठून होता. आणि जनावर पहिल्यांदा दिसलं तेव्हा ते किती मीटरवर होतं.